मागच्या दारातला मान

'हाउंड डॉग' हे गाणं लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर १९८७ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले. ते गाणं जगभर नेणारा एल्विस प्रेस्ली त्यांच्याही एक वर्ष आधी, १९८६च्या पहिल्याच यादीत गेला. आणि ज्या बाईसाठी ते लिहिलं होतं, जिने ते सगळ्यांत आधी, १९५२च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत म्हटलं, जिची ती तबकडी 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत सात आठवडे पहिल्या नंबरवर होती, ती विली मे ऊर्फ 'बिग मामा' थॉर्नटन कधी गेली? २०२४ साली. मरून चाळीस वर्षं झाल्यावर. तेसुद्धा 'कलाकार' म्हणून नाही. 'म्युझिकल इन्फ्लुअन्स' नावाच्या वेगळ्या रकान्यात, म्हणजे इतरांवर प्रभाव टाकणारी म्हणून.

एका गाण्याचे हे तीन हिशेब समोर ठेवा आणि मग मला सांगा, हॉल ऑफ फेमवर दरवर्षी जो वाद होतो तो बरोबर जागी होतो का?

दरवर्षी यादी जाहीर झाली की तीच भांडणं. आमच्या मेटल बँडला अजून का घेतलं नाही? रॅपवाले इथे कशाला? ती पॉप गाणारी बाई रॉकची कशी? रॅपचा मुद्दा तर एका वाक्यात निकालात निघतो. १९८६च्या पहिल्या दहा जणांत रे चार्ल्स होता, सॅम कुक होता, जेम्स ब्राउन होता. सोल, गॉस्पेल, फंक हे सगळं पहिल्या दिवसापासून आत होतं. त्यामुळे २००७मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह आणि २०१६मध्ये एन.डब्ल्यू.ए. आत आले, तेव्हा कुठलाही नियम वाकवला गेला नाही. रॉक म्हणजे चार गोऱ्या पोरांच्या हातातल्या गिटारी, अशी व्याख्या या संस्थेने कधीच केली नव्हती. ती चाहत्यांनी आपल्या मनाने केली.

रश, डीप पर्पल यांच्या चाहत्यांचं दुःख मला कळतं, पण माझ्या डोळ्यांत त्यासाठी पाणी येत नाही. रश २०१३ साली आत गेले, डीप पर्पल २०१६ साली. उशीर झाला, अन्यायही झाला. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डला तर तो दिवस बघायलाही मिळाला नाही. पण दोन्ही बँड शेवटी पुढच्या दाराने, कलाकार म्हणूनच आत गेले. माझी तक्रार ज्यांना मागच्या दाराने नेलं गेलं त्यांच्यासाठी आहे.

दारं दोन आहेत, हे आधी समजून घेतलं पाहिजे. अटलांटिक रेकॉर्ड्सचा अहमत एर्टेगन आणि त्याच्या सोबत्यांनी १९८३ साली ही संस्था काढली. पहिला सोहळा जानेवारी १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात झाला. संग्रहालय मात्र ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला, लेक ईरीच्या काठावर, आय. एम. पे या वास्तुरचनाकाराने बांधलेल्या काचेच्या पिरॅमिडमध्ये. ते १९९५च्या सप्टेंबरात उघडलं. क्लीव्हलंड यासाठी, की अॅलन फ्रीड हा रेडिओवाला याच शहरातून हे संगीत वाजवायचा आणि १९५२ साली त्याने इथे भरवलेला कार्यक्रम रॉकचा पहिला मोठा जलसा मानला जातो.

पहिली तबकडी निघून २५ वर्षं झाली की कलाकार पात्र ठरतो. एक छोटी समिती नावं काढते, मग हजाराहून जास्त मतदारांकडे मतपत्रिका जाते आणि सगळ्यांत जास्त मतं मिळालेले 'परफॉर्मर' म्हणून आत जातात. हे झालं पुढचं दार. बाकीच्या रकान्यांसाठी, म्हणजे प्रभाव टाकणारे, म्युझिकल एक्सलन्स, पडद्यामागची माणसं यांच्यासाठी, ही मतपत्रिका नसते. समिती ठरवते आणि नावं जाहीर होतात. हे मागचं दार.

मागचं दार असण्यात काही वाईट नाही. रॉकचा जन्म होण्याआधी गेलेला रॉबर्ट जॉन्सन, कंट्रीवाला जिमी रॉजर्स, पियानोवाला जिमी यान्सी यांना १९८६मध्ये 'अर्ली इन्फ्लुअन्स' म्हणून, म्हणजे प्रभावाच्याच रकान्यात, घेतलं ते योग्यच होतं. ही माणसं रॉक वाजवत नव्हती. रॉक ज्या मातीतून उगवला ती माती त्यांची होती.

आता बिग मामाला याच रकान्यात कुठल्या न्यायाने बसवायचं? ती काळाने फार आधीची होती म्हणून? फॅट्स डॉमिनोने 'द फॅट मॅन' रेकॉर्ड केलं ते डिसेंबर १९४९मध्ये, थॉर्नटनच्या 'हाउंड डॉग'च्या अडीच वर्षं आधी. रे चार्ल्सची पहिली तबकडीही १९४९ची. हे दोघे १९८६मध्ये कलाकार म्हणून आत गेले. जो आधी आला तो कलाकार आणि जी नंतर आली ती कुणाची तरी पूर्वसूरी? या गणिताचं उत्तर त्या समितीकडे नाही. असूच शकत नाही.

एल्विसच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगितली जाते, ती मीही सांगतो. एल्विसने ते गाणं लास वेगसमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या मंडळींकडून उचललं आणि त्यांनी शब्दही बदलले होते. त्यामुळे त्याने थॉर्नटनची नक्कल केली असं म्हणता येणार नाही. मान्य. पण मग मूळ गाणं ऐका. पीट लुइसची गिटार तिच्या मागे गुरगुरत असते आणि बाई एका निकम्म्या पुरुषाला घराबाहेर काढत असते. त्या आवाजात कसलीही विनवणी नाही. ड्रम, गिटार आणि बाईचा आवाज यांवर सगळं गाणं उभं आहे. हा रॉक नसेल तर १९५६चं एल्विसचं गाणंही रॉक नाही. त्या गाण्याचे आपल्याला एकदाच ५०० डॉलर मिळाले, असं ती सांगायची.

आणि ती एका गाण्याची बाई नव्हती. 'बॉल अँड चेन' तिनेच लिहिलं. जॅनिस जॉप्लिनने सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबात ते तिच्या तोंडून ऐकलं, तिची परवानगी घेतली आणि १९६७च्या जूनमध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात असं म्हटलं की तिचं आयुष्यच बदलून गेलं. मॉन्टेरीवरच्या चित्रपटात जॅनिस गात असताना प्रेक्षकांत बसलेली गायिका ममा कॅस थक्क होऊन तोंड उघडं टाकून बघत राहते, ते दृश्य कित्येकांनी पाहिलेलं असेल. जॅनिस थॉर्नटनचं नाव मोकळेपणाने घ्यायची, तिचा यात काही दोष नाही. पण जॅनिस १९९५ साली कलाकार म्हणून आत गेली आणि जिचं गाणं म्हणून ती गेली, ती बाई २९ वर्षं बाहेर राहिली.

बिग मामाची कथा वाईट आहे. सिस्टर रोझेटा थार्पची त्याहून वाईट.

७ मे १९६४. इंग्लंडमधलं मँचेस्टर. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने विल्ब्रहॅम रोडचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन कार्यक्रमासाठी घेतलं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं खेडेगाव वाटावं म्हणून फलाटावर खोकी, पिंपं, चक्क शेळ्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. एका फलाटावर कलाकार, मधे रूळ, समोरच्या फलाटावर कॉलेजच्या वयाची इंग्रज पोरं. आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस. घोडागाडीतून एक ४९ वर्षांची काळी बाई उतरते. अंगात लांब कोट, पायांत उंच टाचा. ओल्या फलाटावरून चालत येऊन ती पांढरी गिब्सन इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते, दोन तारा छेडून बघते आणि पाऊस पडतोय हे पाहून पावसाचंच गॉस्पेल गाणं सुरू करते. मधेच सोलो वाजवते. देवाचं भजन चाललंय आणि हातातली गिटार मात्र पुढे वीस वर्षांत जो जो रॉकस्टार होणार होता त्याची भाषा बोलते आहे. हे चित्रीकरण आजही बघायला मिळतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी हे सदर बाजूला ठेवून आधी ते बघावं.

ही बाई १९१५ साली आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावात जन्मली. १९३८मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला जॉन हॅमंड या रेकॉर्ड निर्मात्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग' हा कृष्णवर्णीयांच्या संगीताचा कार्यक्रम केला आणि रोझेटाला मंचावर उभं केलं. त्याच कार्यक्रमात हॅमंडला रॉबर्ट जॉन्सनही हवा होता, पण शोध घेतल्यावर कळलं की तो काही महिन्यांपूर्वीच वारला. आता हॉल ऑफ फेमची वही उघडा. कार्यक्रम करणारा हॅमंड १९८६मध्ये आत. त्या रात्री येऊ न शकलेला जॉन्सन १९८६मध्ये आत. आणि जी आली, जिने गायलं, वाजवलं, ती २०१८मध्ये. अर्थात 'अर्ली इन्फ्लुअन्स' म्हणून.

तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४मध्ये रेकॉर्ड झालं आणि पुढच्या वर्षी काळ्यांच्या संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एल्विसची पहिली तबकडी १९५४ची, चक बेरीची १९५५ची. जाणकार पहिल्या रॉक गाण्याचा शोध घेतात तेव्हा रोझेटाचं हे गाणं त्या चर्चेत असतंच. जॉर्जियातल्या मेकनमध्ये १९४७ साली एक चौदा वर्षांचा पोरगा तिच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी कोका-कोला विकत होता. तिने त्याला गाताना ऐकलं आणि त्या रात्री स्वतःच्या कार्यक्रमात गायला लावलं, वर पैसेही दिले. तो पोरगा म्हणजे लिटल रिचर्ड. तो १९८६च्या पहिल्या दहांत आहे. जॉनी कॅश १९९२मध्ये आत गेला तेव्हा त्याने भाषणात आपल्या आवडत्या गाणाऱ्यांत रोझेटाचं नाव घेतलं. म्हणजे त्याच संस्थेच्या मंचावरून, सगळ्या समितीच्या कानांवर, तिचं नाव गेलं होतं. त्यानंतर २६ वर्षं गेली.

१९५१ साली वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये तिने लग्न केलं, तेही तिकीट लावून. लग्न झाल्यावर नवरीनेच गिटार घेऊन मैफल केली. वीस हजारांवर माणसं पैसे देऊन आली होती. रॉकचे स्टेडियममधले कार्यक्रम सुरू व्हायला अजून चौदा वर्षं होती. बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजवायला आले ते १९६५ साली.

१९७३मध्ये ती फिलाडेल्फियात वारली. मधुमेहाने पाय कापावा लागला होता. तीस-पस्तीस वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. गेल वॉल्ड यांनी तिचं चरित्र लिहिलं, ते २००७मध्ये आलं, लोकांनी २००८मध्ये निधीसाठी कार्यक्रम केला, तेव्हा कुठे दगड लागला. संस्था जागी झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी.

हे नकळत झालं असं कुणी म्हणू नये. संस्थेचे संस्थापक आपापल्या नावाबद्दल विसरभोळे नव्हते. एर्टेगन १९८७मध्ये स्वतः आत गेला. 'रोलिंग स्टोन' मासिकवाला यान वेनर, हाही संस्थापकांपैकी एक, २००४ साली आत गेला. दोघांचं काम मोठं, यात वाद नाही. एर्टेगनने रे चार्ल्सला जगापुढे आणलं, हे मी विसरणार नाही. पण ज्या बाईच्या हातांतून रॉकची गिटार निघाली तिच्या १४ वर्षं आधी एका संपादकाने स्वतःच्याच संस्थेकडून मान घ्यावा, याला लाज सोडणं म्हणतात.

वेनरच्या डोक्यात काय होतं ते पुढे त्याच्याच तोंडून कळलं. २०२३च्या सप्टेंबरात त्याचं मुलाखतींचं पुस्तक येत होतं. बॉब डिलन, जॉन लेनन, मिक जॅगर असे सात जण, सगळे गोरे, सगळे पुरुष. न्यूयॉर्क टाइम्सने विचारलं, बायका का नाहीत, काळे का नाहीत? त्या बौद्धिक पातळीवर बोलू शकेल अशी बाई आपल्याला दिसली नाही, अशा अर्थाचं त्याने सांगितलं. काळ्या कलाकारांबद्दलही तसंच. लगेच दुसऱ्याच दिवशी संस्थेने त्याला संचालक मंडळावरून काढलं, नंतर त्याने माफीही मागितली. पण हा माणूस चार दशकं या संस्थेच्या केंद्रस्थानी बसलेला होता. एकट्याने त्याने मतं दिली नाहीत, हे खरं. पण खोलीतली हवा कोण ठरवतं, हे कुठल्याही कमिटीत बसलेल्या माणसाला सांगायला नको.

त्या हवेचा आकडाही आहे. २०१९ साली समीक्षक एव्हलिन मॅकडॉनल यांनी तोवरच्या सगळ्या मानकऱ्यांची मोजणी केली. ८८८ माणसं, त्यांत बायका ६९. शंभरात आठही नाहीत. पहिल्या यादीतले दहाच्या दहा कलाकार पुरुष. पहिली बाई अॅरेथा फ्रँकलिन, १९८७मध्ये. एरिक क्लॅप्टन तीनदा आत गेला आहे, यार्डबर्ड्सबरोबर १९९२मध्ये, क्रीमबरोबर १९९३मध्ये आणि एकट्याच्या नावावर २०००मध्ये. क्लॅप्टन माझा आवडता वादक आहे. तरीही विचारतो, त्याला तिसऱ्यांदा घेताना रोझेटा एकदाही आत नव्हती, हे त्या खोलीत एकालाही खटकलं नाही?

आणि हे जुनं पाप आहे असंही नाही. २०२५मध्ये सॉल्ट-एन-पेपा या बायकांच्या रॅप गटाला घेतलं. पहिला अल्बम १९८६चा, गाणी आजही लग्नांतून वाजतात, बाया मंचावर उभ्या राहून गातात. रकाना कुठला? म्युझिकल इन्फ्लुअन्स. त्याच यादीत साउंडगार्डन आणि व्हाइट स्ट्राइप्स कलाकार म्हणून. सॉल्ट-एन-पेपाचा पहिला अल्बम साउंडगार्डनच्या पहिल्या अल्बमच्या दोन वर्षं आधीचा. मी हे वाचलं तेव्हा थॉर्नटनच्या वेळचा राग नव्याने आला. क्राफ्टवर्क या जर्मन मंडळींचंही तेच. सहा वेळा नामांकन, मतं पुरेशी नाहीत, मग २०२१मध्ये त्यांना 'अर्ली इन्फ्लुअन्स'. १९७०मध्ये सुरू झालेला बँड बीटल्सच्या आधीचा कसा होईल? मतदारांनी नाकारलेल्याला समितीने मागून घ्यायचं, हा मान नव्हे.

शीक या बँडचा किस्सा तर आपल्या पाचगणीपर्यंत येतो. शीकला ११ वेळा नामांकन मिळालं, एकदाही आत घेतलं नाही. २०१७मध्ये गिटारवाला नाइल रॉजर्सला म्युझिकल एक्सलन्समध्ये घेऊन मिटवलं. बेसवाला बर्नार्ड एडवर्ड्स १९९६मध्येच गेला होता, तो बाहेरच राहिला. 'गुड टाइम्स'मधली त्याची बेसची चाल १९७९मध्ये 'रॅपर्स डिलाइट'खाली वाजली आणि रॅप पहिल्यांदा घराघरांत गेलं. पुढच्याच वर्षी क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ला तिच्यातूनच प्रेरणा मिळाली. क्वीनचा बेसवाला जॉन डीकन शीकबरोबर स्टुडिओत वेळ घालवून आला होता. क्वीन २००१मध्ये आत गेले आणि फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथेच 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढलेला फारूख बलसारा, त्या भिंतीवर गेला. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण त्या गाण्याचा पाया ज्याच्या बोटांतून आला तो बर्नार्ड एडवर्ड्स भिंतीवर नाही.

चाहत्यांच्या मतांबद्दल थोडक्यात. २०२०मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँडला चाहत्यांची दहा लाखांवर मतं पडली, पहिला नंबर, तरी तो बँड त्या वर्षी आत गेला नाही, कारण त्या सगळ्या मतांची मिळून एक मतपत्रिका धरतात. लोकांना बोलवायचं, मतं मागायची आणि ती अशी मोजायची, हे बंद केलेलं बरं.

आता उलट बाजूने बघू. मागचं दार खरं कुणासाठी हवं? मॉन्टेरीच्या त्याच महोत्सवात, रविवारी दुपारी, पंडित रविशंकर तीन तासांच्या वर वाजवत होते. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. समोर बसलेल्यांत जिमी हेंड्रिक्स होता. त्या महोत्सवावरचा चित्रपट संपतो तो रविशंकरांच्या वादनावर. त्याआधीच, १९६५मध्ये, जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या गाण्यात सतार वाजवली होती आणि मग तो रविशंकरांकडे शिकायला आला होता. बर्ड्स या बँडने १९६६मध्ये रविशंकरांचं वादन ऐकून गिटारची चाल बांधली. बीटल्स १९८८मध्ये आत गेले, बर्ड्स १९९१मध्ये.

आणि १ ऑगस्ट १९७१. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी काही करावं हे रविशंकरांच्या मनात आलं, ते त्यांनी हॅरिसनला सांगितलं आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले. रॉकवाल्यांनी मदतीसाठी एकत्र येऊन मोठा कार्यक्रम करायची जी प्रथा पुढे पडली, तिचा पाया इथे घातला गेला. त्या दिवशी मंचावर असलेल्यांची नावं घ्या. हॅरिसन, डिलन, क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन. सगळे हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ज्यांनी ती कल्पना मांडली, ज्यांनी सतार आणि सरोदच्या जुगलबंदीने कार्यक्रम सुरू केला, ते रविशंकर २०२५च्या यादीपर्यंत नाहीत. अल्लारखाँही नाहीत. मुंबईत राहून तबल्याचं शिक्षण देणाऱ्या या माणसाकडून ग्रेटफुल डेडचा ड्रमर मिकी हार्ट लय शिकला आणि ग्रेटफुल डेड १९९४पासून आत आहेत.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतील, पंडितजींना त्या भिंतीची काय गरज? ते स्वतःला रॉकवाले म्हणवून घेत नव्हते. मॉन्टेरीत हेंड्रिक्सने गिटार जाळली ते त्यांना आवडलं नव्हतं, श्रोत्यांनी नशेत संगीत ऐकावं हेही त्यांना खपत नव्हतं. सगळं खरं. म्हणूनच त्यांना पुढच्या दाराने बोलवा असं मी म्हणत नाही. जो आपला मार्ग सोडून रॉकमध्ये आला नाही, पण ज्याच्यामुळे रॉकचा मार्ग बदलला, त्याच्यासाठीच तर प्रभावाचा रकाना आहे. तिथे रविशंकर बसतात. अल्लारखाँ बसतात. तिथे बिग मामा बसत नाही, रोझेटा बसत नाही, सॉल्ट-एन-पेपा बसत नाहीत. या बायांनी स्वतः रॉक गायला, वाजवला, रेकॉर्ड केला.

एका भिंतीवरच्या नावाने काय फरक पडतो, असंही विचारलं जातं. फरक पडतो. क्लीव्हलंडच्या त्या इमारतीत शाळांच्या सहली जातात. तिथे आठ-दहा वर्षांची पोरगी कलाकारांची यादी वाचते आणि रॉक कुणी सुरू केला हे तिथून शिकते. त्या यादीच्या सुरुवातीला तिला सगळे पुरुषच दिसतात. हातात गिटार घेतलेली बाई तिला वेगळ्या रकान्यात सापडते, तीही सापडली तर.

जुने निर्णय बदलता येत नाहीत, हा बहाणा चालणार नाही. २०१२मध्ये याच संस्थेने आपली जुनी चूक सुधारली होती. स्मोकी रॉबिन्सनला आधी एकट्याला घेतलं होतं, त्याच्या मिरॅकल्सना बाहेर ठेवून. बडी हॉलीच्या क्रिकेट्सचं, जेम्स ब्राउनच्या फेमस फ्लेम्सचंही तसंच झालं होतं. २०१२ला एक विशेष समिती बसवून या सगळ्यांना मतदानाशिवाय, कलाकार म्हणून आत घेतलं. कुणावरही आभाळ कोसळलं नाही.

तशी एक समिती पुन्हा बसवा. विली मे थॉर्नटनला कलाकारांत घ्या, सॉल्ट-एन-पेपांना घ्या, शीकला बर्नार्ड एडवर्ड्ससकट घ्या. रविशंकर आणि अल्लारखाँ यांना प्रभावाच्या रकान्यात त्यांची जागा द्या. आणि सिस्टर रोझेटा थार्पचं नाव २०१८च्या यादीतून काढून १९८६च्या कलाकारांत लिहा, चक बेरीच्या वर.